गोदीतल्या नावांची वही

"पोलिसात द्या तिला, अण्णा! घरात दुसरं होतंच कोण?"

अभिरामचा आवाज बाहेरपर्यंत आला आणि चप्पल काढता काढता दत्तप्रसाद दचकले. ते निवृत्त ग्रंथपाल. जुन्या कागदांचं प्रकरण असलं, की खासगी तपास करणाऱ्या क्रांती सरनोबत त्यांना सोबत घेत. आपला काही उपयोग होतो का, ही शंका त्यांना दर वेळी येई.

अभिरामचे काका, यज्ञेश्वर टेंबे म्हणजेच अण्णा, क्रांतीबाईंना आणि त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेले.

"माझे आजोबा मुंबईच्या गोदीत कारकून. गोदी खणायला आपल्या भागातनं माणसं गेली होती. शहरात पुतळे उभे राहिले ते गव्हर्नरांचे आणि शेटजींचे. मजुरांची नावं फक्त आजोबांनी एका वहीत लिहिली. कोण, कुठल्या गावचा, कसा मेला. काल साडेचारला मी रंकाळ्यावर फिरायला गेलो, सव्वासहाला परत आलो, तर इथली ती वही गायब."

"खोलीला कुलूप?"

"नुसती कडी."

दाराच्याच भिंतीवर, आत येऊन वळल्याशिवाय दिसणार नाही असं, एक पितळी घड्याळ टिकटिकत होतं. दहा वाजून एक मिनिट. दत्तप्रसादांनी मोबाईल पाहिला. दहा चाळीस.

तेवढ्यात बनाबाई पाणी घेऊन आल्या. रडून डोळे सुजलेले. वीस वर्षं त्या या घरात कामाला होत्या. त्यांनी घड्याळाकडे नजर टाकली.

"अण्णा, अकराला वीस कमी हाईत. गोळी घ्या."

बाईंना घड्याळ वाचता येत नसावं, पण वेळ मात्र बरोबर, असं दत्तप्रसादांच्या मनात आलं. बोलायचा धीर झाला नाही.

"बनाबाई, काल पाचला कुठं होता?" क्रांतीबाईंनी विचारलं.

"हितंच की, सैपाकघरात. सव्वापाचला दार ओढून गिरणीत गेलते, सहाला आले. माझं म्हायेर मुरगूड. माझा पणजा, रामा फराकटे, गोदीत गेलता, माघारी आलाच न्हाय. अण्णा म्हणालं, वहीत नाव घावतंय का बघू. आन् मीच ती चोरीन व्हय?"

"बघा, वहीत रस तिलाच होता," अभिराम म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मी दिवसभर कसबा बावड्यात, शेताच्या मोजणीला. पाच माणसं साक्षीला आहेत."

दुपारी ऋतुराज आला. मुंबईच्या गोद्यांवर पुस्तक लिहिणारा, त्यासाठी अण्णांकडे येणारा नम्र तरुण.

"कालच येऊन गेलो हो. पाचला पाच कमी होते. हाका मारल्या, घरात कुणी नव्हतं. अण्णांकडून नेलेलं पुस्तक सोप्यातल्या बाकावर ठेवलं आणि थेट कोपऱ्यावर ज्ञानूकडे चहाला गेलो."

बनाबाई पुढं झाल्या. "पाचला मी घरात हुते! देवाशपथ!"

"वेळ कशात बघितली?" क्रांतीबाईंनी ऋतुराजला विचारलं.

"मोबाईलमध्ये... नाही, तो दुरुस्तीला होता. कुठंतरी बघितली."

"आतल्या खोलीत गेला होतात?"

"त्या खोलीत मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही."

क्रांतीबाई दत्तप्रसादांना घेऊन ज्ञानूच्या गाड्यावर गेल्या. गाड्यावर घड्याळ नव्हतं.

"ते पुस्तकवालं पावणं? आलं तवा मुरगूडची गाडी वळत हुती की. स्टँडवरनं साडेपाचला सुटती, पाच मिन्टात हितं येती. रोजची हाय."

परत येताच क्रांतीबाईंनी सगळ्यांना सोप्यात बसवलं.

"अण्णा, ते घड्याळ मागं का?"

"मागं नाही! आजोबांचं आहे, मुंबईच्या जुन्या वेळेवर चालतं. सगळ्या देशाची वेळ एक झाली, तरी मुंबईनं आपली वेळ कितीतरी वर्षं सोडली नाही. आपल्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटं कमी. आजोबांनी सोडली नाही, मीही सोडली नाही."

"ऋतुराज इथून निघाले, म्हणे, पाचला पाच कमी असताना. ज्ञानूचा गाडा दोन मिनिटांवर. तिथं पोचले साडेपाचची गाडी वळताना. मधली चाळीसेक मिनिटं कुठं गेली?"

त्या ऋतुराजकडे वळल्या.

"कोल्हापुरात एवढ्या फरकानं चालणारं घड्याळ एकच. ते त्या खोलीत शिरल्याशिवाय दिसत नाही. बनाबाई गिरणीत गेलेल्या पाहून तुम्ही आत गेलात, वही उचलली, घड्याळ पाहिलं आणि ते खरं मानलं. म्हणून बनाबाई पाचला घरात नव्हत्या असं तुम्हांला मनापासून वाटतं. अभिराम याच घरात वाढलेत, त्यांची ही चूक झाली नसती. आणि बनाबाई? आज सकाळी त्या घड्याळात दहा वाजून एक मिनिट झालं असताना त्या अकराला वीस कमी म्हणाल्या. एकोणचाळीस मिळवायची सवय त्यांच्या हाडात आहे."

दत्तप्रसादांनी मान खाली घातली. दिसलं होतं त्यांनाही.

ऋतुराजनं खांद्यावरच्या पिशवीतून वही काढून अण्णांपुढं ठेवली. "ही नावं पहिल्यांदा मी छापणार होतो," तो पुटपुटला.

"मागितली असतीस तर दिली असती," अण्णा म्हणाले. "आता ऊठ. पोलिसांशी नंतर बोलू."

अभिराम बनाबाईंसमोर येऊन उभा राहिला. "चुकलो, मावशी."

"बस खाली. आदी ऐकू दे."

अण्णांनी पानं उलटली. बोट एका ओळीवर थांबलं.

"रामा फराकटे, मुरगूड. धक्क्याचा दगड निसटून ठार. वेळ दुपारी सव्वातीन."

बनाबाईंनी पदर तोंडाशी धरला. ओठ हलत होते, हिशेब चालला होता.

"म्हंजी आपलं," त्या म्हणाल्या, "चारला सहा कमी."