गरुडांचा वाटा

गरुडाचा पंजा मिटलेला होता. निरोगी गरुड जमिनीवर उभा राहतो तेव्हा त्याची बोटं पसरतात आणि काळ्या नख्या गोट्यांवर टेकतात. या मादीचे दोन्ही पंजे मुठीसारखे वळले होते आणि त्या मुठींवर ती कशीबशी बसली होती. पंख दोन्हीकडे लोंबत होते. शेपटीची पांढरी पिसं हिरव्या विष्ठेनं माखली होती.

डेलियानं हात आडवा करून मागच्या दोघांना थांबवलं.

"ही खाडीच्या टोकावरच्या घरट्यातली आहे," ती हळूच म्हणाली.

"डोकी तर सगळ्यांचीच पांढरी. तुला कशी कळली?" वॉलीनं विचारलं.

"चोचीवरची खाच बघ. आणि आकार बघ. नर एवढा मोठा नसतो."

"तुमच्यात बायकाच दांडग्या असतात, हे मात्र खरं."

खूट्स खाडीच्या गावात कुळांच्या दोन बाजू आहेत; प्रत्येक माणूस एकतर गरुडाच्या बाजूचा, नाहीतर डोमकावळ्याच्या. मूल जातं आईच्या बाजूला. डेलिया आणि तिचा धाकटा भाऊ ओटिस गरुडाचे, वॉली डोमकावळ्याचा. एकमेकांची टर उडवायला त्यांना कुणाची परवानगी लागत नसे. नोव्हेंबरातली सणाची सुट्टी लागली होती आणि तिघं खेकड्यांचे सापळे बघायला निघाले होते. सापळे राहिले बाजूलाच.

"भरती चढतेय," ओटिस म्हणाला. "ती बुडेल ना गं?"

"हात लावू नका. कायद्यानं बंदी आहे," वॉली म्हणाला.

डेलियानं तोपर्यंत शहरातल्या पक्ष्यांच्या दवाखान्यात फोन लावला होता. डॉक्टर लुंड यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन-तीन प्रश्न विचारले आणि शांतपणे सांगितलं, "मी परवानगी देते. मागून जा. जॅकेट डोक्यावरून टाका. अंधार झाला की ती शांत होईल. पाय घट्ट धरा, चोचीपेक्षा पंजाची भीती जास्त."

पण भीती बाळगावी असं तिच्यात काही उरलं नव्हतं. डेलियानं जॅकेट टाकलं, पाय धरले, आणि मादीनं साधी धडपडही केली नाही. एवढा मोठा पक्षी, पण हातात घेतला तर मांजराएवढं वजन. डेलियाला तेच सगळ्यात वाईट वाटलं.

ओटिसनं शेजाऱ्यांचा कुत्र्याचा पिंजरा आणला. दुपारी धुकं जरा विरलं, खाडीच्या पाण्यावर छोटं विमान उतरलं आणि पिंजरा घेऊन गेलं. घरट्याच्या झाडावर तिचा नर बसून होता. विमान दिसेनासं झाल्यावरही तो त्याच दिशेला बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला.

"शिसं," त्या म्हणाल्या. "रक्तातलं शिसं इतकं आहे की आमचं यंत्र आकडाच दाखवत नाही. पोटात बारीक कण दिसतात. गरुडाच्या जठरात हाडंसुद्धा विरघळतात, मग शिसं काय. ते रक्तात उतरतं, तिथून मेंदूत."

"कुणी गोळी मारली का तिला?"

"नाही. जखम कुठेच नाही. तिनं ते खाल्लंय."

फोन ठेवल्यावर तिघं धक्क्यावर पाय सोडून बसले.

"गळाला बांधतात ती वजनं असतील," ओटिस म्हणाला. "माशाबरोबर गिळली असतील."

"डॉक्टर कण म्हणाल्या. वजन म्हणजे कण नव्हे," डेलिया म्हणाली. "आणि मासे आहेत कुठे? यंदा सॅल्मन आलेच नाहीत. ओढ्यात नुसतं पाणी वाहतंय."

"मग हे गरुड जगतात कशावर?"

"हरणांवर," वॉली म्हणाला. "शिकारी आतडी रानात टाकून येतात ना, त्याच्यावर. आधी आमचे डोमकावळे शोधतात, मग तुमचे साहेब वरून बघतात आणि आयत्या ताटावर येऊन बसतात."

डेलियानं वळून टोकाकडे पाहिलं. आयतं ताट गावात एकच होतं.

हर्मन मामा दर शिकारीनंतर हरणाचं काळीज आणि फुफ्फुसं टोकावरच्या सपाट दगडावर ठेवायचा. गरुडांचा वाटा. त्याच्या मामानं त्याला हे शिकवलं होतं आणि त्याच्या मामाला त्याच्या मामानं. दुसरे लोक आतडी टाकून देत. हर्मन मामा वाढायचा, आणि वाढून झाल्यावर टोपी काढून उभा राहायचा.

"मामा नेम कुठे धरतो?" डेलियानं विचारलं.

"फुफ्फुसात. सगळेच धरतात," वॉली म्हणाला, आणि मग त्याचाही चेहरा उतरला.

मामा सकाळीच डोंगरावरून हरीण घेऊन आला होता. म्हणजे दगडावर आत्ता वाटा असणार. मामा अजून धक्क्यावरच होडी धूत होता आणि तिथून टोक स्वच्छ दिसत होतं.

"मी त्याला अडकवतो," वॉली म्हणाला, आणि शीळ घालत मामाकडे गेला. "हर्मनकाका, तुमचं इंजिन खोकतंय का हो? आमच्या घरापर्यंत ऐकू येतं."

"माझं इंजिन? पोरा, तुझ्या बापाचं इंजिन चालू होतं ते फक्त नाताळला."

"बाबा म्हणतात, गरुडाच्या लोकांना उडता येतं म्हणून ते इंजिन साफ करत नाहीत."

"असं म्हणतो काय तो? ये इकडे. पाना धर. दाखवतोच तुला."

मामाचं डोकं इंजिनात गेलं, तशी डेलिया आणि ओटिसनं टोकाकडे धूम ठोकली. दगडावर दोन डोमकावळे येऊन बसलेच होते. ओटिसनं हात हलवून त्यांना उडवलं. डेलियानं फुफ्फुसं बादलीत भरली. वरच्या फांदीवरून नर तिच्याकडे बघत होता. त्याचं जेवण ती त्याच्या देखत चोरत होती.

ओढ्याशी वॉलीच्या घरची सोनं धुवायची परात होती. उन्हाळ्यात मोठ्या जहाजांतून येणाऱ्या प्रवाशांना वॉली त्यात वाळू धुवून दाखवायचा आणि सोन्याचा एखादा कण निघाला की प्रवासी लहान मुलांसारखे नाचायचे. डेलियानं फुफ्फुसं सुरीनं बारीक चिरली, परातीत टाकली आणि परात पाण्यात गोल गोल फिरवायला लागली. हलकं ते वाहून जातं, जड ते तळाशी बसतं. रक्त गेलं, मांस गेलं. वॉली धापा टाकत आला तेव्हा परातीच्या कडेला राखाडी कणांची बारीक रेघ उरली होती. काही कण मिठाएवढे, बरेच त्याहून लहान.

तिनं त्यातल्या मोठ्या कणावर सुरीचं टोक घासलं. आत चांदीसारखं चकाकलं. वॉलीनं तो खिशातल्या कागदावर ओढला, तर करडी रेघ उमटली. शिसंच.

"एकाच गोळीतून एवढं?" ओटिसनं विचारलं.

"गोळी आत गेल्यावर फुटते," डेलिया म्हणाली. "भोक एकच दिसतं. बाकीचं दिसत नाही."

कोडं सुटलं होतं. सुट्टीतलं कोडं सुटल्यावर मुलं आरडाओरडा करतात. या तिघांनी परात उचलली आणि मामाचं घर गाठलं.

परात त्यांनी मामाच्या स्वयंपाकघरात टेबलावर ठेवली. मामानं चष्मा लावला. बोटाच्या टोकानं कण उचलले, उजेडात धरले.

"मी तिला मुद्दाम चांगला भाग द्यायचो," तो म्हणाला.

"माहीत आहे, मामा."

"दगड रिकामा ठेवायचा म्हणतेस?"

"गोळ्या बदलता येतील. तांब्याच्या मिळतात, त्या फुटत नाहीत."

"दुकानात नाहीत. मालाची बोट येईल वसंतात, तीही मागवल्या तर. आणि तोवर हे पक्षी काय खातील? सॅल्मन नाही. मी नाही वाढलं तर उपाशी मरतील, वाढलं तर असे मरतील." त्यानं चष्मा काढला. "बघू."

मोठी माणसं 'बघू' म्हणतात तेव्हा काय होतं, ते तिघांनाही ठाऊक होतं.

सणाच्या जेवणाला सारं गाव सभागृहात जमलं. परात या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. लोकांनी मुलांच्या पाठी थोपटल्या. शाळेच्या बाई म्हणाल्या, "असं डोकं चालवायला हवं." दुकानदारानं डेलियाच्या ताटात भोपळ्याच्या गोड 'पाय'चा मोठा तुकडा वाढला.

"मग तांब्याच्या गोळ्या मागवणार ना?" तिनं विचारलं.

"मागवू की. पण आधी जुन्या संपू देत. कपाट भरलंय माझं," तो म्हणाला आणि पुढच्या ताटाकडे वळला.

"शाब्बासकी पोटभर मिळाली," वॉली पुटपुटला. डेलियानं तो गोड तुकडा त्याच्याकडे सरकवला. त्यालाही तो खाववेना.

हर्मन मामा कोपऱ्यात बसून होता. लोक त्याच्याकडे बघायचं टाळत होते.

सुट्टीच्या शेवटच्या सकाळी फोन वाजला. डॉक्टर लुंड नेहमीपेक्षा सावकाश बोलत होत्या. औषधानं रक्तातलं शिसं थोडं उतरलं होतं, पण मान सावरत नव्हती, पंजे उघडत नव्हते. दिसणंही गेलं होतं. "काल संध्याकाळी आम्ही तिला कायमचं झोपवलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही करायला हवं होतं ते सगळं केलंत. हे तुम्हाला कळायला हवं म्हणून सांगते."

डेलिया निरोप घेऊन टोकावर गेली. वॉली आणि ओटिस तिच्यामागे होते. मामा तिथेच सापडला. त्यानं आदल्या दिवशी पुन्हा हरीण आणलं होतं. पायाशी बादली होती. दगड अजून रिकामा होता.

"ती गेली, मामा."

त्यानं मान हलवली. बादली उचलली नाही.

झाडांवर गरुड जमले होते. पांढऱ्या डोक्यांचे, आणि ज्यांची डोकी पांढरी व्हायला अजून काही वर्षं होती असे तपकिरी, अंगानं भरलेले, अननुभवी. सगळे मामालाच बघत होते. त्याची चाल त्यांच्या ओळखीची होती. नर सगळ्यात खालच्या फांदीवर उतरला, मग दगडाच्या कडेला येऊन बसला. इतक्या जवळ तो यापूर्वी कधी आला नव्हता. डेलियानं त्याच्या पंजांकडे पाहिलं. बोटं पसरलेली होती. अजून तरी.

मामानं इथे दिलं नाही, तर हा नर डोंगरावर जाईल, हे तिला कळत होतं. तिथे प्रत्येक शिकाऱ्यानं आतडी टाकलेली आहेत, आणि डोमकावळे त्याला वाट दाखवतील. दुकानातलं कपाट भरलेलं आहे. एक दगड रिकामा राहिला म्हणून फार काही वाचणार नाही. मामालाही हे कळत असावं, कारण तो बादलीकडे वाकला आणि पुन्हा सरळ झाला.

मग त्यानं टोपी काढली. बादली उचलून ओटिसच्या हातात दिली.

"ही घरी ने. खोल खड्ड्यात पुरू." आणि दगडावरच्या नराकडे वळून, घरातल्या माणसाशी बोलावं तसा तो म्हणाला, "जा, भाऊ. माझ्या हातचं आता तुम्हाला काही मिळणार नाही."