कामगंध सापळ्याची जाहिरात

योगिनीच्या घरात मोबाइलला रेंज म्हणून यायची नाही. यायची ती वावरात, बांधावरच्या निंबाखाली, आणि तीही तिथल्या दगडावर चढून उभं राहिलं तर. त्यामुळं गल्लीतल्या बायकांनी आपल्या सोयीनं ठरवून टाकलं होतं, की सरस्वतीबाईची पोरगी बी.एस्सी. होऊन रोहिणखेडला परत आली आणि झाडाशी बोलायला लागली. योगिनी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायची. ही विद्या कॉलेजात शिकवत नाहीत, पण गावात राहायचं तर आधी तीच लागते.

त्या दगडावर उभी राहून ती जो उद्योग शिकत होती, तो असा. एका ऑनलाइन दुकानाची लिंक घ्यायची. लोक मोबाइलवर काही शोधतात, तेव्हा उत्तरांच्या वर आपली जाहिरात दिसावी म्हणून पैसे लावायचे. कुणी जाहिरातीवर बोट ठेवलं, की त्या एका क्लिकचे पैसे आपल्या खात्यातून कापले जातात. त्यानं पुढं जाऊन वस्तू घेतली, तर दुकान आपल्याला कमिशन देतं.

"म्हंजे अडत्याचंच काम," सरस्वतीबाई म्हणाल्या. "खामगावच्या मार्केटात बसते तसं. माल एकाचा, गिऱ्हाईक दुसरं, मधात आपण."

"हाव. फक्त गिऱ्हाईक दिसत नाई."

"मंग तू बोलावतं कोणाले वं?"

योगिनी हसली होती तेव्हा.

वस्तू कोणती, हे तिचं ठरलेलं होतं. कामगंध सापळा. प्लास्टिकचं नरसाळं, खाली लांब पिशवी, आत एक लहानशी वडी. वडीला बोंडअळीच्या मादीचा गंध असतो. माणसाच्या नाकाला त्यातलं काही कळत नाही, पण नर पाखरू त्या गंधामागं येतं आणि पिशवीत पडतं. जोडीच जमली नाही तर बोंडात अळी कुठून होणार? दहा शेतकऱ्यांनी आजूबाजूला सापळे लावले, तर फवारणीची वेळच येऊ नये, असा योगिनीचा हिशेब. कमिशन मिळालं तर ती वरकमाई.

खरी गोष्ट फवारणीचीच होती. आदल्या साली अळीनं बीटीच्या बियाण्यालाही जुमानलं नाही. सरस्वतीबाई पाठीवर पंप बांधून फवारत होत्या आणि फवारता फवारता कपाशीतच कोसळल्या. बुलढाण्याच्या दवाखान्यात शुद्धीवर आल्या, पण डोळ्यांना नीट दिसायला बराच काळ गेला. पुन्हा हे औषध श्वासात गेलं तर आमच्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाईंनी मान हलवली, घरी आल्या, पंप धुतला आणि खुंटीला टांगला.

"अळी दिसली तं मी पंप घेईन," त्या म्हणाल्या. "तिच्या पुढ्यात हात बांधून बसनं मले जमत नाई."

योगिनीला त्या खुंटीची भीती वाटायची. वडील, रंगराव, खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. ती शाळेत असतानाच गेले. त्यांच्या सदऱ्याला सरकीचा आणि गरम तेलाचा वास असायचा, एवढंच तिच्याजवळ उरलं होतं. आईसुद्धा अशीच आठवणीपुरती उरली तर, या विचारानं तिला भर दुपारी थंडी वाजायची.

सापळे मात्र कुणी घेईना. त्याला कारण होतं. सापळा लावला की शेजाऱ्याची पाखरं आपल्या वावरात येतात, असं गावात सगळेच मानत. त्यामुळं सापळा प्रत्येकाला हवा होता, पण शेजाऱ्याच्या वावरात.

योगिनीनं जाहिरात लिहिली: 'दर्जेदार कामगंध सापळे, घरपोच.' तिच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. निंबाखाली शिदोरी सोडताना तिनं ती आईला वाचून दाखवली.

"दर्जेदार म्हनून कोणी कोणाले बोलावते का?" सरस्वतीबाईंनी कांदा फोडला. "ज्याले बोलावाचं त्याच्या बोलीत बोल. त्याले काय पाह्यजे ते सांग, अन् कुठं हाय ते सांग. बस."

मग योगिनीनं लिहिलं: 'वास येऊन राह्यला ना? जवळच हाय. ये.' आता यात वस्तूचं नावच नव्हतं. कोणत्याही मास्तरनं तिला नापास केलं असतं. त्यावर आणखी एक नवशिकी चूक केली. जाहिरात कुठं दाखवायची, असं विचारल्यावर सगळा जिल्हा निवडायचा सोडून तिनं 'मी आहे तिथं' यावर बोट ठेवलं. नकाशावर निंबाच्या झाडावर खूण उमटली आणि भोवती एक निळं वर्तुळ पडलं. त्यात दोन-चार शेतकऱ्यांची वावरं येत होती आणि बाकी कपाशीच कपाशी.

त्या संध्याकाळपासून क्लिक येऊ लागले.

दिवेलागणीच्या सुमारास सुरू व्हायचे, अंधार पडेपर्यंत चालायचे. दिवसा एक नाही. खरेदी तर नाहीच. योगिनी आधी हरखली, मग घाबरली, की आता खातं रिकामं होणार. पण पैसेही कापले जात नव्हते. खात्यात खुलासा होता: हे क्लिक माणसाचे वाटत नाहीत, म्हणून त्यांचे पैसे धरलेले नाहीत.

तिनं मोबाइल अकीलभाईंना दाखवला. त्यांचं गावात रिचार्जचं दुकान होतं आणि वावर योगिनीच्या बांधाला लागून. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला.

"अख्ख्या गावात एवढे मोबाइल नाईत, योगिनी. दुकान माहं हाय, मले मालूम. कोण दाबून राह्यलं हे?"

"कोणी मशीन लावली असंन."

"कपाशीत?"

त्याच दिवशी सूर्य टेकल्यावर ती अकीलभाईंना घेऊन निंबाखाली उभी होती. हातातल्या मोबाइलवर एक पाखरू येऊन बसलं. गव्हाच्या दाण्याएवढं, मातकट. मग दुसरं. उजेडाला येतात, तिनं स्वतःला समजावलं आणि पडदा बंद केला. पाखरं उडाली नाहीत. काळ्या काचेवर ती येतच राहिली. काच भरल्यावर तिच्या मनगटावर बसली, मग कोपरापर्यंत. त्यांचं ओझं काहीच लागत नव्हतं. अकीलभाईंनी शेजारी बॅटरी लावून धरली होती. बॅटरीवर एकही नव्हतं.

योगिनी शास्त्र शिकलेली मुलगी. तिनं दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पडदा चालू केला आणि जाहिरात थांबवली.

पाखरं एकदम उठली. एकही मागं राहिलं नाही.

तिनं जाहिरात पुन्हा सुरू केली. ती परत आली.

"या अल्ला," अकीलभाई म्हणाले आणि बॅटरी विझवली. काही गोष्टींवर उजेड टाकू नये, असं त्यांना वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी अकीलभाईंनी आपलं सगळं वावर पालथं घातलं. अळी फुलात शिरली की पाकळ्या गुंडाळून घेऊन फूल मिटलेलंच राहतं, त्याला डोमकळी म्हणतात. त्यांना एकही डोमकळी सापडली नाही. पण योगिनीच्या वावरात, निंबाजवळच्या तासांत, त्या दिसायला लागल्या होत्या. दिसणारच. परिसरातलं सगळं पाखरू तिनं आपल्याच कपाशीत बोलावून घेतलं होतं. गावकरी भितात ते हिनं हौसेनं करून ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी आली तर पंप खुंटीवर नव्हता. सरस्वतीबाई अंगणात बसून त्याचा नोझल काढत होत्या.

"उद्याच्या दिवस थांब, माय," योगिनी म्हणाली. "एकच दिवस. तुह्या पाया पडतो."

आईनं तिच्याकडं पाहिलं आणि नोझल खाली ठेवला.

योगिनी तशीच वावरात पळाली, दगडावर चढली. गावाच्या पलीकडं, गायरानाच्या टोकाला, एक जुनी खदान होती. तिथं गवतही धड उगवत नाही. तिनं नकाशावरची खूण निंबावरून उचलून खदानीच्या तळाशी ठेवली आणि वर्तुळ पसरवत नेलं, सगळ्या गावची कपाशी आत येईपर्यंत.

दुसऱ्या संध्याकाळी तिघं खदानीच्या काठावर जाऊन बसली. सरस्वतीबाईंना सांगून पटलं नव्हतं, म्हणून त्या पाहायला आल्या होत्या.

आधी काहीच नव्हतं. तळाशी काळे दगड, एका कोपऱ्यात साचलेलं पाणी. मग शिवारावर धूर दिसावा तसं काहीतरी उठलं. पूर्वेकडं उठलं, मग मोताळ्याच्या बाजूनं. ते वाऱ्याबरोबर चाललं नव्हतं. वारा या तिघांच्या पाठीवर होता आणि ते समोरून येत होतं. डोक्यावरून जाताना आवाज नव्हता, नुसती हवा हलली. पाखरं एकावर एक खाली उतरत गेली. दगड दिसेनासे झाले, कडे दिसेनासे झाले. पाणी उरलं होतं, तेही झाकलं गेलं.

शेवटचं पाखरू बसलं असावं. सगळ्यांनी एकाच वेळी पंख मिटले, मग एकाच वेळी उघडले. पुन्हा मिटले. खदानीचा तळ झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा वरखाली होत होता.

योगिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. भीती वाटत नव्हती असं नाही, पण आपण काहीतरी फार मोठं पाहतोय, आपल्या लायकीपेक्षा मोठं, असं वाटून तिचा ऊर भरून आला होता. अकीलभाईंनी टोपी काढून हातात घेतली होती. सरस्वतीबाईंनी हात जोडले.

"कोणी बोलावलं म्हनून आले बिचारे," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "अन् इथं तं काहीच नाई त्याइच्यासाठी."

तेवढ्यात खालच्या सगळ्या पाखरांनी तोंडं फिरवली. वर, त्यांच्याकडं. किंवा त्यांच्याकडं नसेलही. योगिनीच्या हातातल्या मोबाइलकडं असेल.

पंप परत खुंटीवर गेला. त्या साली रोहिणखेडच्या शिवारात बोंडं स्वच्छ फुटली. का फुटली ते कुणाला ठाऊक नव्हतं. जो तो आपापल्या बियाण्याला श्रेय देत होता. वेचणीच्या पहिल्या दिवशी सरस्वतीबाईंनी रीतीप्रमाणं सीतादही केलं. कपाशीच्या झाडाला हळदकुंकू लावलं, दहीभात ठेवला, वावरात चहूकडं दही शिंपडलं आणि पहिलं बोंड वेचून योगिनीच्या हातावर ठेवलं. पांढरंशुभ्र होतं, अळीचा डागसुद्धा नव्हता. योगिनी किती दिवसांनी मोकळी हसली.

वेचणी उरकून निघताना ती दगडावर चढली. काम झालं होतं. तिनं जाहिरात बंद केली, मग खातंच काढून टाकलं.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. चूल पेटली नव्हती. सरस्वतीबाई बाजेवर बसून मोबाइल पाहत होत्या. त्यांना वाचता यायचं नाही, पण माइकचं चित्र दाबून विचारलं की फोन बोलतो, एवढं त्या शिकल्या होत्या.

"गुडघ्याले काय लावावं म्हनून इचारलं मी," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "तं हे पाह्य काय बोलते."

योगिनीनं मोबाइल घेतला. घरात रेंज आली होती. पूर्ण.

पडद्यावर एकच उत्तर होतं. वर बारीक अक्षरात 'जाहिरात'. दुकानाचं नाव नाही, वस्तूचं नाव नाही.

'कळण्याची भाकर, अंबाडीची भाजी. वास येऊन राह्यला ना, सरू? जवळच हाय. ये.'

खाली नकाशा. खूण खदानीवर होती.

सरू हे सरस्वतीबाईंचं माहेरचं नाव. देऊळगाव राजा गावी त्यांची आई त्यांना त्या नावानं हाक मारायची. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि आता त्या नावानं हाक मारणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

"मायच्या हातची भाकर," सरस्वतीबाई बाजेवरून उठल्या. "वास नाई येत तुले?"

योगिनीनं त्यांचा हात घट्ट धरला. बाहेर गल्लीत चपलांचा आवाज होता. दारातून अकीलभाई जाताना दिसले, हातात मोबाइल.

"अकीलभाई! कुठं चालले?"

"अब्बानं बोलावलं," ते न थांबता म्हणाले.

त्यांच्या अब्बांच्या मातीला ती स्वतः आईबरोबर त्यांच्या घरी गेली होती.

गल्लीत आणखी माणसं होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सगळी एकाच बाजूला चालली होती.

तिनं दार लोटलं, कडी लावली. आईला बाजेवर बसवलं, गच्च मिठी मारली. दोन्ही मोबाइल बंद करून माठात टाकले. सरस्वतीबाई थरथरल्या, मग झोपेतून उठल्यासारख्या इकडंतिकडं पाहू लागल्या. त्यांना आता वास येत नव्हता. योगिनीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि सुटकेचा श्वास घेतला.

श्वास खोल आत गेला.

सरकी. गरम तेल. धुतलेल्या सदऱ्याचा तो वास.

"योगे," सरस्वतीबाई म्हणाल्या. आवाज पाठीमागून, जरा लांबून आला. "कडी काऊन काढली वं?"

योगिनीनं खाली पाहिलं. ती उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. पायात चपला होत्या.