आप्पांच्या उरलेल्या गोळ्या

लाइट नको लावूस, ललित. तुम्ही पोरं आता नर्सिंगच्या ड्युटीला लागणार, म्हणून सांगतोय. मी दवाखान्यात कंपाउंडर होतो तेव्हापासून या महेशला ओळखतो. मीठमसाला लावत नाही.

गेल्या वर्षीची अकरा डिसेंबर, गुरुवार. नामपूरला वडिलांचं, खंडेरावआप्पांचं, तेरावं उरकून महेश रात्री नऊला नाशिकला निघाला. गाडीत एकटाच. बायकोने, हर्षालीने, शेजारच्या सीटवर एक पाकीट ठेवलं होतं. त्यात आप्पांच्या उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या. या गोळ्या दवाखाना मोजून देतो आणि उरल्या तर मोजून परत घेतो. सकाळी संजना सिस्टरच्या हातात द्यायच्या, एवढंच काम.

पण उरल्या कशा?

आप्पांचा कॅन्सर खुब्याच्या हाडात उतरला होता. संजनाने महेशला जवळ बसवून शिकवलं, दर चार तासांनी एक गोळी, रात्रीची चुकवायची नाही. "बरे नाही होणार ते, पण तळमळत जायला नकोत," म्हणाली. महेशसाहेबांनी मान डोलावली आणि घरी येऊन गोळ्या कपाटात कोंडल्या. का, तर सवय लागेल! आठ दिवसांच्या सोबत्याला सवय! मला आजही संताप येतो. "एकच दे ना, बेटा," म्हातारा विनवायचा. शेवटच्या रात्री विनवणी थांबली. लेकाकडे टक लावून एवढंच म्हणाला, "तुले बी समजी." तुलाही कळेल.

तर, देवळा गाव मागे पडलं. दहा वाजले. गोळीची वेळ.

महेशच्या उजव्या खुब्यात कळ आली. हाड आतून कुणी किसणीवर धरावं तशी. गाडी कशीबशी कडेला घेतली. ओरडायलाही जमेना. पाकीट फाडलं. गोळी काढली. तोंडाशी नेली...

मागच्या सीटवरून कुणीतरी मनगट धरलं.

गार हात. हाडं नुसती. सोडेना.

"आप्पा... एकच..."

मागे काहीच नाही.

"आप्पा, पाया पडतो... एकच..."

मग कानाशी. अगदी मायेने. "नको, बेटा... सवय लागी जाई."

गोळी पडली. कळ थांबली नाही. दोनला वाढली. सहाला...

उजाडल्यावर कांद्याच्या पिकअपवाल्यांनी काच फोडून त्याला बाहेर काढलं. एक्सरे साफ. सगळे रिपोर्ट साफ. संजनाने त्याला घोट घोट पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला, तेव्हा तो सगळं बोलून गेला. ती रडली. आप्पांसाठी.

परवा इंदिरानगरात भेटला मला. एवढ्या उकाड्यात फुल बाह्यांचा शर्ट. मी हात धरून बाही वर केली.

वळ नव्हते रे. मनगटात पाच खड्डे होते, बोटाएवढे. मांस आत दबलेलं. आणि मी बघत होतो तेव्हाच... त्यातला एक आणखी खोल गेला.