अरित्रपादासाठी नऊ वाक्यं

तो आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत चुकून शिरला. त्याला ग्रंथालय हवं होतं, ते वरच्या मजल्यावर. पण माझ्या टेबलावरची चिठ्ठी त्यानं समोर उभ्या उभ्याच वाचली आणि तो थबकला.

"किडे?" तो म्हणाला. "माफ करा, पण हे किडे नाहीत."

चिठ्ठीवर मी लिहिलं होतं : अरित्रपाद – पाण्यातले बारीक किडे, कोपेपॉड.

"मग कोण आहेत?"

"खेकड्याचे नातेवाईक. म्हणजे... लांबचे. चुलत-चुलत."

त्यानं खिशातून बोटाएवढी काचेची बाटली काढली. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तो नोकरीला होता. तळ्याचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं आणि त्यातले जीव मोजायचे, हे त्याचं काम.

"खिडकीकडे धरा. हलवू नका."

मी धरली. मिठाच्या कणाएवढे ठिपके पाण्यात टुणकन पुढे जात होते, थांबत होते, पुन्हा टुणकन.

"पाय वल्ह्यासारखे मारतात," तो म्हणाला. "अरित्र म्हणजे वल्हं. म्हणून अरित्रपाद. आणि डोळा एकच, अगदी मधोमध."

हे सांगताना त्याचे स्वतःचे दोन डोळे असे काही चमकत होते, की मी बाटलीकडे बघायचंच विसरले. माझ्याही छातीत काहीतरी टुणकन हललं.

आमच्या कोशाचा एक हट्टी नियम आहे. नुसता अर्थ लिहून शब्द आत येत नाही. तो शब्द कामात वापरणाऱ्या माणसाचं एक वाक्य लागतं – त्याच्या हातचं, त्याच्या सहीचं. अरित्रपादाला असा माणूसच मिळाला नव्हता. दोन आठवड्यांनी, गुरुवारी पाचला, 'अ'ची पानं छपाईला बंद होणार होती. तोवर वाक्य आलं नाही तर शब्द गळणार होता.

"तुम्ही द्याल एखादं वाक्य?"

"आत्ता?"

"सवडीनं द्या ना," मी म्हणाले.

पहिल्या वाक्यात त्यानं नुसतंच 'कोपेपॉड' लिहिलं होतं, ते मी रीतसर नाकारलं. दुसऱ्याच दिवशी तो पुन्हा हजर. 'तळ्यात अरित्रपाद वाढले की माशांची पिल्लं गुबगुबीत होतात.'

सोळा आणे वाक्य. मी ते वाचलं आणि शिक्क्याकडे गेलेला हात मागे घेतला. हे घेतलं, की हा उद्या येणार नाही.

"गुबगुबीत जरा... लाडिक वाटतं," मी म्हणाले. "नाही का?"

"बदलतो," तो म्हणाला. ओठ दाबून हसल्याचा मला नुसता संशय आला.

तिसरं फार लांब होतं, चौथं फार आखूड. पाचव्याला मी काय खोट काढली, ते आता आठवतही नाही. घरी वहिनीनं विचारलं, "हल्ली रोज इस्त्री? कोशात पाहुणे येतात वाटतं?"

"शब्द येतात, वहिनी."

"मग त्या शब्दाला एकदा चहाला बोलव."

गुरुवारी तीनला मोठ्या बाईंनी माझा खण उघडला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या संपादक. त्यांनी नुसता चष्मा सावरला तरी छापखान्यातली माणसं सरळ बसतात. आठही चिठ्ठ्या त्यांनी टेबलावर ओळीनं मांडल्या.

"हे दुसरं का नाकारलंस?"

"ते... गुबगुबीत..."

"गुबगुबीतनं तुझं काय वाकडं केलंय?"

माझे कान तापले. बाईंनी चष्मा काढला. "तुझ्या बहाण्यासाठी शब्दाचा बळी द्यायचा नाही. पाचच्या आत ठरव."

मी दुसऱ्या चिठ्ठीवर 'मंजूर'चा शिक्का मारला. अरित्रपाद वाचला आणि मला रडू आलं. खोटं कशाला बोलू?

पाचला दहा मिनिटं असताना तो धापा टाकत आला. हातात नववी चिठ्ठी.

"उशीर झाला का?"

"दुसरंच घेतलं," मी म्हणाले. "ते... गुबगुबीत."

त्यानं शिक्का पाहिला. "म्हणजे काम झालं."

"झालं."

"मग आता मी इथं यायचं काही कारण नाही," तो म्हणाला आणि नववी चिठ्ठी खिशात सारू लागला. त्याचा चेहरा एवढासा झाला होता. आत्ता गप्प बसले, तर जन्मभर स्वतःला बोल लावत बसेन, हे मला कळलं.

"ते पहिल्यापासून बरोबर होतं," मी एका दमात म्हणाले. "मला माहीत होतं. तुम्ही परत यावं म्हणून मी चुका काढत होते."

तो हसू लागला – खांदे हलेपर्यंत. "आणि मी तिसऱ्यापासून मुद्दाम बिघडवून आणत होतो. तुम्ही चुकून 'छान' म्हणाल, याची रोज धास्ती!"

"आणि हे नववं?"

"हे नीट लिहिलंय," तो म्हणाला. कान लाल. खिशात सारलेली चिठ्ठी त्यानं माझ्यापुढे धरली.

'आज एकशे बारा अरित्रपाद मोजले. मग कोशातली ती आठवली आणि पुन्हा एकपासून मोजावे लागले.' खाली तारीख, सही.

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात. मागून मोठ्या बाई कधी डोकावल्या, कळलंच नाही.

"हे कोशात जाणार नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे ठेव."

मी चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. तो दारापर्यंत गेला, वळला.

"उद्या... कुठल्या शब्दासाठी येऊ?"

"शब्द नको," मी म्हणाले. "नुसता ये."