शून्याचं बटण

मे १९९३. पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या आमच्या खोलीत पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता. टेबलावरच्या सर्किट बोर्डाने दर सेकंदाला वजनाचा आकडा पाठवायचा आणि सिरीयल केबलमधून तो कॉम्प्युटरवर उमटायचा, एवढंच काम होतं. तसाच दुसरा बोर्ड जासईच्या एका गोदामात, गठ्ठे तोलायच्या काट्याला लावला होता. उद्या सकाळी तो काटा चालू झाला नाही, तर आमच्या दोघांच्या धंद्याचा गाशा गुंडाळावा लागणार होता.

माझा भागीदार चारुदत्त सकाळीच स्कूटरने जासईला गेला. आमच्याकडे प्रमाणित वजनं नव्हती, म्हणून काटा तपासायला तो चपला काढून स्वतःच वर उभा राहायचा. वजन एकसष्ट किलो, कधी इकडचं तिकडे नाही. त्याचा एकच हट्ट असे: माणूस वर असताना शून्याचं बटण दाबायचं नाही. ते दाबलं की काटा वरच्या ओझ्याला शून्य समजतो, आणि ओझं उतरलं की आकडा उणे दाखवतो. मी त्याला चिडवायचो, "काटा विसरला तर विसरला, मी आहे ना."

पडद्यावर आधी नुसता अक्षरांचा कचरा आला. बोर्ड आणि कॉम्प्युटर यांचा आकडे पाठवण्या-घेण्याचा वेग जुळत नव्हता, तो जुळवला. मग काहीच येईना. केबलमधल्या दोन वायरी उलट लागल्या होत्या. त्या बदलून पुन्हा सोल्डरचा डाग दिला. तीन वाजता आकडे आले.

०६१. ०६१. ०६१.

माझ्या बोर्डाला काटाच जोडलेला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. गोदामाचा वॉचमन शिवा बोलत होता. "साहेब काट्यावं उभं हायत. पन हितं आकडा येत नाय."

त्यांना तसंच उभं राहू दे, मी म्हणालो, आणि रिसीव्हर खांद्यात धरून केबल बोर्डातून उपटली.

०६१. ०६१.

मी घाबरलो. आणि घाबरलो की मी चिडतो. मेमरीत जुना आकडा अडकला असणार, असं स्वतःलाच बजावत मी बोर्डावरचं शून्याचं बटण दाबलं.

०००.

हायसं वाटलं. मी रिसीव्हर खांद्यातून हातात घेतला.

"साहेबांना विचार, आता दिसतंय का."

त्याने साहेबांना दोनदा हाक मारली.

"चपला हायत," तो म्हणाला. "साहेब नाय."

"बाहेर गेला असेल."

"दार येकच हाय. मी दारातच हाय."

केबलचं टोक फरशीवर पडलं होतं. चारुदत्त काट्यावरून उतरला असता, तर आकडा उणे एकसष्ट व्हायला हवा होता. मी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसलो आणि वाट बघू लागलो.

०००. ०००. ०००.