बर्फावरच्या वाटेचे दिवे

विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बरं? तोंडभर हसणाऱ्यावर, की तोंड वाकडं करून का होईना पण खरं बोलणाऱ्यावर? गल्ल्यावर बसून माझे केस पिकले, तरी मला याचं धड उत्तर सापडलेलं नाही.

एक बाई माझ्याकडून नेलेली पॉवर बँक सारखी परत आणायची. म्हणायची, "बंद पडते हो ही." ती बंद पडत नव्हती, झोपत होती. या बॅटऱ्या मोबाईलसाठी केलेल्या. कोणी अगदीच थोडी वीज ओढत असेल, तर त्यांना वाटतं कोणी नाहीच, आणि त्या डोळे मिटतात. नाताळच्या माळा लुकलुकवणारा तो काड्यापेटीएवढा कंट्रोलर तर चिमणीसारखा खातो. यावरचा तोडगा आमच्या तळ्यावर पहिल्यांदा काढला रूडी ओयालानं. प्रत्येक बॅटरीला त्यानं एक उगीचचा बल्ब जोडला, काळ्या चिकटपट्टीत गुंडाळून. तो कोणाला दिसायचा नाही. पण कोणीतरी ओढतंय असं बॅटरीला वाटत राहायचं, आणि ती जागी राहायची.

आता मर्ल स्टँगलंडचं ऐका. रूडीचा जिवलग दोस्त.

मिनेसोटाच्या उत्तरेला आमचं तळं गोठलं की मासे धरायच्या लाकडी झोपड्या बर्फावर ओढून न्यायच्या आणि नाताळात त्या दिव्यांनी सजवायच्या, हा आमचा शिरस्ता. बर्फावर वीज कुठली? सगळा कारभार बॅटऱ्यांवर. काठापासून झोपड्यांपर्यंत खांब रोवून त्यांवर हिरवे दिवे लावायचे. त्यांच्या पलीकडे नदी तळ्यात शिरते, तिथं बर्फ कायम पातळ. वाटेचे दिवे रूडी लावायचा, आणि सजावटीचं बक्षीस मर्ल न्यायचा.

मागच्या नाताळात, परीक्षक आले त्याच संध्याकाळी, रूडी नदीच्या तोंडाशी बर्फाखाली गेला. वाटेवरचे दिवे विझले होते. थंडीनं बॅटऱ्या गेल्या, असं सगळे म्हणाले. सगळ्यांत आधी म्हणाला तो मर्ल. शवपेटीला खांदाही त्यानंच दिला.

यंदा वाटेचे दिवे लावायचं काम मर्लनं आपणहून घेतलं. दिवे लावायच्या दिवशी दुपारी तो माझ्या दुकानात खिळे घ्यायला आला, तेव्हा रूडीची बायको आयलीन तिथंच होती.

मी म्हटलं, "मर्लदादा, यंदा जरा कमी दिवे लाव. तुझ्या झोपडीपुढं आमचं चर्च म्हणजे कोळशाची खोली वाटते."

"चर्चला सांग, स्पर्धेत उतर म्हणावं," तो हसला.

आयलीन हसली नाही. "मर्ल, रूडीच्या त्या पट्टीवाल्या बॅटऱ्या कुठं दिसल्या का रे? गॅरेजमध्ये एकही नाही."

"थंडीनं फुगल्या असतील, आयलीन. टाकल्या असतील कोणी."

"असेल. तू म्हणतोस म्हणजे असेल."

मर्लनं खिळे उचलले आणि सुटे पैसे न घेताच निघून गेला.

त्या बॅटऱ्या त्याच्याच कोटाच्या आतल्या खिशांत होत्या. गारठू नयेत म्हणून आम्ही त्या छातीशी ठेवतो. गुपचूप खांबांवर परत लावून टाकाव्यात, म्हणजे विषय मिटला, असा त्याचा बेत. दिवस मावळायच्या आत त्यानं सगळ्या लावल्या. खांबाखांबावर हिरवा ठिपका उमटला. मग तो आपल्या झोपडीत जाऊन माळा टांगत बसला.

बाहेर आला तेव्हा धुकं उतरलं होतं, आणि वाट काळी होती. जाग्या राहणाऱ्या बॅटऱ्या... सगळ्या झोपलेल्या.

दूर एकच हिरवा दिवा लुकलुकत होता. काठ तिकडंच असणार, असं धरून मर्ल चालू लागला. बराच वेळ चालला. पायांखालचा आवाज बदलला. आधी खणखणीत होता, आता पोकळ. नाकात ओल्या गाळाचा वास शिरला, जो भर हिवाळ्यात कधी येत नाही.

दिव्यापाशी पोचला, तर तिथला खांब त्यानं रोवलेला नव्हता. वर दिवा लुकलुकत होता, पण बॅटरी नव्हती. वायर सरळ खाली गेली होती, बर्फातल्या मुठीएवढ्या भोकात, काळ्या पाण्यात. ती ताणलेली होती. जणू खालून कोणी धरली होती.

"थंडी..." मर्ल पुटपुटला. "थंडीनं गेल्या रे बॅटऱ्या..."

दिवा विझला. बर्फ करकरला आणि बोटभर खाली बसला.

"रूडी... मी बदलल्या. तुझ्या काढल्या... साध्या लावल्या."

दिवा लागला. आणि मर्लच्या पाठीमागं, काठाच्या दिशेनं, आणखी एक लागला.

मर्लला कळलं. तो त्या दिव्यापाशी गेला.

"परीक्षक येणार होते... माझ्या माळा सारख्या विझत होत्या."

पुढचा दिवा लागला.

"साध्या झोपणार, हे मला माहीत होतं... पण वाटलं, तू केव्हाच घरी गेला असशील..."

सगळं काळं झालं. बुटांत पाणी शिरलं.

"नाही... नाही. तू तळ्यावरच होतास. मला दिसत होतास."

दिवे पुन्हा लागले. एकेका वाक्याला एकेक खांब, असा तो वाटेवर आला. काठ समोर दिसू लागला. कुणाच्या तरी घरात कांदा परतल्याचा वास, कुत्र्याचं भुंकणं. शेवटचा खांब तेवढा काळा होता. मर्ल थांबला. अजून एक गोष्ट होती. पण आता काठ हाकेच्या अंतरावर होता, आणि इथला बर्फ तर हातभर जाड. सकाळी त्यावरून ट्रक गेला होता.

तो काही न बोलता पुढं निघाला.

बर्फ फाटला.

त्याची किंकाळी ऐकून आयलीन दोर घेऊन धावली, मागून आम्ही. तिनंच त्याला ओढून काढलं. पाय वाचले नाहीत. दवाखान्यात तिला त्यानं सगळं सांगितलं, उरलेलंही. "त्यानं हाक मारली होती, आयलीन. माझं नाव घेऊन. मला ऐकू आली... परीक्षक झोपडीत होते. मी दार लोटून घेतलं."

आयलीननं कोटाची बटणं लावली आणि ती निघून गेली. परत कधी आली नाही.

मर्ल आता गावातल्या वृद्धाश्रमात असतो. रोज तिन्हीसांजेला ही हकीकत त्याला पहिल्यापासून सांगावी लागते, नाहीतर खोलीतला दिवा मंद होत जातो. साधा दिवा आहे, भिंतीतल्या विजेवर चालणारा. मी पुष्कळदा समोर बसून ऐकलंय. वाक्यागणिक उजेड वाढतो. मग दार लोटल्याचं सांगून होतं, मर्ल गप्प होतो, आणि...

आणि दिवा पुन्हा निखाऱ्यासारखा लाल होतो. नर्सनं बल्ब बदलून पाहिला, वायरही. खोलीत ओल्या गाळाचा वास पसरतो. मर्ल दिव्याकडं बघत राहतो, त्याचे ओठ हलतात, पण शब्द फुटत नाही. दार लोटल्यानंतर त्यानं आणखी काय केलं, ते मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही. मात्र रोज तो दिवा आदल्या दिवसापेक्षा जरा जास्त उतरतो.

तेवढं ध्यानात ठेवा, आणि आपापला हिशेब खरा लिहा, मंडळी. शेवटच्या ओळीपर्यंत.