तिच्या उंचीची खोली

"जरा सरकता का? तुम्ही माझ्या उन्हात उभ्या आहात."

मी दचकून वळले. रंगाच्या दुकानाच्या पायरीवर मी निळ्या रंगाचे दोन नमुने उन्हात धरून पाहत होते. मागे एक उंच मुलगा, हातात पॉलिश केलेला लाकडाचा तुकडा.

"ऊन काय तुमच्या नावावर आहे?"

"नाही... पण दुकानातल्या दिव्याखाली रंग खोटं बोलतात, हे ओळखणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं."

भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावरही मला अशी दाद कुणी दिली नव्हती! मी निमूट सरकले.

तो फर्निचर करायचा, आणि मला नेमकं तेच हवं होतं. ताईला दुसरं बाळ होणार होतं. डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं होतं, आणि चार वर्षांच्या भाचीसाठी वेगळी खोली सजवायची होती.

"बाळ आलं म्हणून मला बाहेर काढलं, असं तिला वाटायला नको गं," ताईला तेवढीच काळजी होती.

"खोली माझ्यावर सोड," मी ऐटीत म्हणाले.

मग तो रोज ताईच्या घरी येऊ लागला. मी आलेखाच्या कागदावर खोली काढायची, तो त्यावर शंका काढायचा.

"टेबल एवढं उंच?"

"मुलं भराभर वाढतात. मी पुढचा विचार केलाय."

"वा! माझं कामही वीस वर्षं हलत नाही."

आम्ही दोघं स्वतःवर असे काही खूश होतो, की विचारू नका. एव्हाना त्याच्या कानावरची पेन्सिल मी न विचारता काढून घेऊ लागले होते. आणि तो... मान किंचित कलती करून ती घेऊ द्यायचा.

खोली तयार झाली. भाचीला आणलं. तिनं पलंगाला हात लावला, टाचा उंचावून पुस्तकांच्या फळीकडे पाहिलं.

"मावशी, ही कुणाची खोली?"

"तुझी गं, राणी!"

तिनं समजूतदारपणे मान हलवली. "छान आहे. मोठी झाले की येईन हं."

आणि ती आईच्या कुशीत परत गेली.

माझा चेहरा खर्रकन उतरला. तो मात्र गुडघ्यांवर बसला. "या... इथून बघा."

मी शेजारी बसले. तिथून टेबलाचा नुसता तळ दिसत होता. खिडकीतलं झाड दिसतच नव्हतं. कपाटाची मूठ तर छताला टेकल्यासारखी!

"आपण तिलाच मोजायला विसरलो," मी पुटपुटले.

"हं." त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. दोघांनाही उठायची घाई नव्हती.

"पाय कापावे लागणार," तो म्हणाला.

"माझे?"

"टेबलाचे! तुमच्या उंचीत काय चूक आहे? ...म्हणजे, काहीच नाही."

या वेळी मापं भाचीनं दिली. "इथे! नाही, इथे!" तिचा हात पोचेल तिथे पेन्सिलीची खूण. पलंग, फळी, खुंट्या, सगळं खाली आलं. खिडकीखाली चढायला एक पायरीही बसली.

पुढच्या रविवारी तो आला, तर भाची दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"आधी दार वाजवा. ही माझी खोली आहे."

त्यानं वाजवलं. तिनं एकेक वस्तू दाखवली आणि शेवटी सांगितलं, "हे सगळं मी केलंय. मावशीनं आणि काकांनी मदत केली."

पलीकडच्या खोलीतून ताईचं हसू ऐकू आलं. किती दिवसांनी! माझी मान आपोआप ताठ झाली.

तेवढ्यात मला दारामागच्या दोन खुंट्या दिसल्या. उंच, जिथल्या तिथे.

"या खाली करायच्या राहिल्या."

"राहिल्या नाहीत." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "एक तुमच्या पर्ससाठी."

"आणि दुसरी?"

"ती... मी असाच येत राहिलो, तर... माझ्या पिशवीसाठी."

मी त्याच्या खांद्यावरून हत्यारांची पिशवी उतरवली. चांगलीच जड होती. दोन्ही हातांनी उचलून दुसऱ्या खुंटीला अडकवली.

"वीस वर्षं टिकेल ना?"

"खुंटी?"

"खुंटीही, आणि तुमचं येणंही."

त्यानं खुंटीकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझं काम आहे," तो म्हणाला, "हलणार नाही."